आढ्यावरचा वाट्यांचा ड्रॅगन

तैवानमधल्या तैनानजवळच्या आमच्या बंदरगावात माझं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान आहे. थ्यामकाका हे माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात धडकी भरवणारं गिऱ्हाईक. वाटीला टिचकी मारून कान लावायचे, उजेडात धरायचे, "झकास आहे" म्हणायचे आणि माझ्याच दारात उकिडवं बसून ती फोडायचे. नवी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची.

त्या तुकड्यांतून काका ड्रॅगनचे खवले कातरत. हिरव्या वाटीची पाठ, पिवळीचं पोट, लाल काठाची जीभ. मात्सूदेवीच्या देवळाच्या आढ्यावर त्यांचा ड्रॅगन चाळीस वर्षं समुद्राकडे डोळे वटारून उभा होता.

यंदाच्या वादळात शेपटीचे खवले गळाले.

"महिनाभर द्या, बसवून देतो," काका म्हणाले.

"कशाला काका? कारखान्यातला तयार मिळतो," देवळाचे अध्यक्ष ऊंग म्हणाले. "एका दुपारी बसतो. चमकतोही."

"चमकायला काय, टक्कलही चमकतं!"

ऊंगनी टोपी सारखी केली.

दोघंही हटेनात, म्हणून देवीचा कौल घ्यायचं ठरलं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक उपडा, एक उताणा पडला की होकार. आणि असा होकार सलग तीनदा मिळायला हवा. काकांनी गुडघे टेकले. "आई, जुनाच राहू दे ना?"

पहिला होकार. दुसराही. तिसऱ्यांदा दोन्ही तुकडे उताणे पडले. म्हणजे देवी हसली.

"हसतेस काय गं!" काका तिच्यावरच ओरडले. "चाळीस वर्षं तुझ्या डोक्यावर पहारा दिला त्यानं!"

"आता खुद्द देवीच हसली म्हटल्यावर मी काय करू, काका?" ऊंग हळूच म्हणाले. त्यांनाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. 'आणखी एकदा टाका' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वाट्या विकणाऱ्यानं देवीसमोर काय बोलायचं?

ड्रॅगन उतरवताना काकांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी चढून एकेक खवला सोडवला. खालून आम्ही फक्त "जपून, जपून" म्हणत होतो.

संध्याकाळी ते टोपली घेऊन दुकानात आले.

"घे. तुझ्याच वाट्या. वापरलेल्या आहेत, पण धुऊन आणल्यात."

मी टोपली घेतली. काकांनी सवयीनं फळीवरची एक हिरवी वाटी उचलली, टिचकी मारली, कान लावला.

"झकास आहे," म्हणाले, आणि जिथली तिथे ठेवून दिली.