एकशेबाराव्या किलोमीटरनंतर

"तुमच्या मांड्यांच्या स्नायूंच्या पेशी फुटल्यात आणि आतला माल रक्तात उतरतोय," पनवेलच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात."

मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. त्यांनी सावकाश म्हटला आणि समजावूनही सांगितला. स्नायूंना झेपणार नाही एवढा ताण आला की पेशी फुटतात. त्यातलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंना लाल रंग देणारं प्रथिन, रक्तावाटे मूत्रपिंडात जातं आणि तिथे अडकून बसतं. स्नायूंचं किती नुकसान झालंय ते सीके नावाच्या तपासणीतून कळतं. सीकेचा आकडा साधारण दोनशेच्या आत असावा लागतो. माझा अडुसष्ट हजार होता.

मी विचारलं, घरी कधी सोडाल? त्या म्हणाल्या, हा प्रश्न आज विचारायचा नाही.

मग त्यांनी विचारलं, शर्यतीआधी ताप होता का, अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? माझी बायको संगीता कॉटच्या पायाशी उभी होती. मी म्हणालो, नाही.

दोन्ही उत्तरं खोटी होती.

मी श्रीवर्धनच्या एसटी आगारात मेकॅनिक आहे. वय शेहेचाळीस. चाळिशीनंतर सायकल चालवायला लागलो आणि मग थांबलोच नाही. ड्युटी संपली की हरिहरेश्वरच्या घाटीत दोन फेऱ्या मारल्याशिवाय मला घरात बसवत नसे. संगीता म्हणायची, तुम्हाला खुर्ची चावते.

इम्तियाज मुरुडचा. बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आला आणि त्याने सायकलींचं दुकान टाकलं. सरावासाठी तो आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरायचा आणि मी त्याला तिथे गाठायचो. आमच्या भागात दीडशे किलोमीटरची माउंटन बाइकची शर्यत होते. अर्धी डोंगरातल्या लाल मातीच्या वाटांनी, अर्धी समुद्राकडेच्या रस्त्याने. आम्ही जोडीच्या गटात उतरायचो. त्या गटाचा नियम असा की एकाने सोडली की दुसराही बाद.

आदल्या वर्षी माझ्या पोटऱ्यांना गोळे आले आणि आम्ही दोघं बाद झालो. इम्तियाज त्यावर एक शब्दही बोलला नाही. तो काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

या वर्षी शर्यतीच्या तीन दिवस आधी मला ताप आला. संगीता माहेरी बोर्लीला गेली होती, त्यामुळे तिला कळायचं कारण नव्हतं. इम्तियाजला फोनवर जरा कणकण आहे, एवढंच म्हटलं. आगाराजवळच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप उतरला, अंग ठणकत राहिलं. शर्यतीच्या सकाळी एक गोळी घेतली. चाळिसाव्या किलोमीटरला दुसरी. सत्तराव्याला तिसरी.

ऊन कडक होतं. म्हसळ्याकडच्या चढावर मांड्या दगडासारख्या झाल्या. मला वाटलं, दमलोय. आयोजकांच्या पाणवठ्यावर झाडामागे जाऊन लघवी केली तर ती कोऱ्या चहासारखी तपकिरी होती. मी ती मातीत जिरेपर्यंत बघत उभा राहिलो. मग येऊन सायकलवर बसलो. इम्तियाजने विचारलं, बरा आहेस ना? मी म्हटलं, चल, वेळ घालवू नकोस.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यापैकी कोणी धावत असेल, पोहत असेल, नव्या नव्या जिममध्ये जात असेल. व्यायामानंतर लघवीचा रंग असा झाला तर त्याला दमणूक म्हणू नका. त्याच क्षणी थांबा आणि दवाखाना गाठा. माझ्यापुढे तेव्हा थांबायला जागा होती, माणसं होती, रुग्णवाहिका होती. मी पुढे अठ्ठावीस किलोमीटर सायकल मारली.

एकशेबाराव्या किलोमीटरला एका वाडीत मी सायकलवरून उतरलो आणि पाय मला पेलेनात. अंगणात भात पाखडत असलेल्या आजींनी मला ओट्याला टेकवून बसवलं. मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "पानी हाय, पन आधी गप बस. तुझा रंग बरा न्हाय." प्यायलेलं पाणी लगेच उलटून पडलं.

इम्तियाजने हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि मदतीसाठी फोन लावला. मी त्याला म्हणालो, तू जा, एकट्याने पुरी कर. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं, लघवी पाहिली आणि तिथल्या डॉक्टरांनी एक मिनिटही न दवडता पनवेलला पाठवलं. संध्याकाळी मी अतिदक्षता विभागात होतो.

तिथले दिवस म्हणजे आकडे. सकाळी रक्त, दुपारी रक्त. सीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा. तो साठत गेला की समजायचं, मूत्रपिंड दमलं. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून छातीला वायरी लावलेल्या. दोन्ही हातांत सलाइन. लघवीची नळी आणि तिची पिशवी कॉटच्या कडेला. दर तासाला सिस्टर वाकून पिशवी बघायच्या आणि कागदावर लिहायच्या. त्या वाकल्या की मी त्यांचा चेहरा वाचायचो.

मला हलायची बंदी होती. ज्या माणसाला खुर्चीत बसवत नाही त्याला पाठीवर पाडून ठेवलेलं. मांड्या सुजून टम्म झालेल्या, चादरीचंही ओझं होत होतं. मी बोटं हलवत राहायचो, छताचे चौकोन मोजायचो, चुकायचो, पुन्हा मोजायचो. घड्याळाकडे बघू नये म्हणून मान फिरवली की शेजारच्या मॉनिटरवरही वेळ दिसायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या त्या थेट गोळ्यांवरच आल्या. कोणत्या, किती, कधीपासून? त्यांनी सांगितलं, तुमच्या मित्राने सगळं सांगितलंय. तापाच्या अंगाने, उन्हात, त्यात त्या वेदनाशामक गोळ्या. स्नायूंचा कचरा येतच होता, वर त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी केला. हे कालच कळलं असतं तर आम्ही औषधं ठरवताना त्याचा विचार केला असता.

भेटायच्या वेळेत इम्तियाज आत आला. मी भिंतीकडे तोंड केलं.

"वाटेत तू खिशातून गोळी काढताना मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा गप्प राहिलो, ती माझी चूक. परत गप्प राहणार नव्हतो. रागावायचंय तर रागाव."

मी रागावलोच होतो. त्याच्यावर नव्हे, पण ते त्या क्षणी मला कळत नव्हतं. तो बाहेर गेला.

मग संगीता आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने सावकाश विचारलं, "ताप होता हे मला एका फोनवर सांगता आलं नसतं?" मी म्हणालो, तू जाऊ दिलं नसतंस. ती म्हणाली, "व्हय, नसतंच जाऊ दिलं." आणि माझ्या हाताच्या सुया सांभाळत कॉटच्या कडेवर डोकं टेकून बसली.

तिसऱ्या दिवशी पिशवी जवळजवळ रिकामी राहिली. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी डायलिसिसचा निर्णय घेतला. डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडाचं काम काही तास यंत्राकडून करून घेणं. रक्त नळीने बाहेर काढतात, यंत्रात गाळतात, परत आत सोडतात. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी बसवली. मी विचारलं, हे कायमचं आहे का? ते म्हणाले, "बहुतेकांचं मूत्रपिंड परत कामाला लागतं. तुमचं लागेल असं मला वाटतं. पण मी शब्द देणार नाही."

डायलिसिसच्या सेंटरमध्ये माझ्या शेजारी उरणकडचे एक ट्रकवाले काका होते. डायबेटिसने त्यांची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा यायचे, चार वर्षं. यंत्र सुरू असताना ते शांत झोपायचे. मी मात्र चार तास पायाचा अंगठा हलवत राहायचो. एकदा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, कुठे जायची घाई हाय तुला? मी अंगठा हलवायचा थांबवला.

तीन वेळा डायलिसिस झालं. त्यानंतरच्या सकाळी सिस्टर पिशवीजवळ वाकल्या आणि लगेच सरळ झाल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या सिस्टरना हाक मारली. पिशवीत चारशे मिली होतं, आणि रंग फिकट पिवळा. दुपारपर्यंत नऊशे झालं. संगीता बाहेर जाऊन रडली. मी इम्तियाजला बोलवायला सांगितलं. तो खालच्या बाकावरच होता. मुरुडचं दुकान बंद ठेवून तो सगळे दिवस तिथे बसलाय, हे मला तेव्हा कळलं.

मी त्याला सॉरी म्हणालो. शर्यतीबद्दल म्हणतोयस का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भिंतीकडे तोंड केलं त्याबद्दल. त्याने मान हलवली आणि संत्र्याची फोड सोलून हातात धरली. मग आठवलं की पोटॅशियममुळे मला फळं बंद आहेत, आणि ती स्वतःच खाल्ली.

सोळाव्या दिवशी घरी आलो. क्रिएटिनिन जागेवर यायला सात आठवडे गेले. जिना चढायला आधार लागायचा, आगारात हलकं काम दिलं. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर, त्या सिस्टर, डॉक्टरबाई, यांचे आभार मी पेढे देऊन मानले, पण ते पुरेसे नाहीत हे मला ठाऊक आहे. वाडीतल्या आजींकडे संगीता आणि मी लुगडं घेऊन गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणाल्या, तो पोरगा काळानिळा होता.

माझी अस्वस्थता गेली असं मी म्हणणार नाही. आजही दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि रिपोर्ट येईपर्यंत अंगणात फेऱ्या मारतो. संगीता आता खुर्चीचं नाव काढत नाही, सोबत फेऱ्या मारते.

पाच महिन्यांनी सायकलची परवानगी मिळाली, सपाटीवर, तासभर. नंतर हळूहळू थोडा चढही. परवा इम्तियाज आला होता. आम्ही शेखाडीकडच्या रस्त्याला लागलो. खाली समुद्र, वर छोटी चढण. तो पुढे, मी मागे. अर्ध्यावर डाव्या मांडीत दुखायला लागलं. फार नव्हतं, पूर्वी मी त्याची दखलही घेतली नसती. चढ संपायला दोनशे मीटर राहिले असतील. पाय पॅडलवरच होते. तोंडातून शब्द फुटायला खरंच वेळ लागला.

"इम्तियाज," मी हाक मारली, "माझा पाय दुखतोय. मी थांबतो."

त्याने ब्रेक मारला, सायकल वळवली आणि उतारावरून परत माझ्याकडे यायला लागला.