घर बोडकं दिसेल म्हणून

परवा भोरात एका ओळखीच्या बाईंकडे मंगळागौरीला गेले होते. बाहेर श्रावणाची झड लागलेली, ओसरीवर ओल्या छत्र्यांचा कुबट वास आणि आत केवड्याचा. कुंकू लावून घ्यायला मान वर केली आणि समोरच्या भिंतीवर मला मीच दिसले. एका जुन्या फोटोच्या काळ्या चौकटीत, तरुण, चिंब भिजलेली. शेजारी आई, धाकटा भाऊ आणि दादा, म्हणजे माझे वडील. मागे पाणी आणि पाण्यात उतरलेले ढग. बाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या मामांनी काढलाय. बेटावरचा पाऊस! काय भाव टिपलेत ना?" भाव म्हणे! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातली वाटी मी तशीच खाली ठेवली.

बेट कसलं डोंबलाचं? येळवंडी नदीच्या काठचं आमचं टेकाड होतं ते. नवं धरण झालं, पाणी खोऱ्यात मागं मागं सरकत आलं आणि त्या पावसाळ्यात टेकाडाच्या चारी बाजूंनी फिरलं. भावकीनं आपापली घरं उन्हाळ्यातच उतरवली होती. आमच्याकडे घर सोडायचं म्हणजे नुसतं कुलूप लावून निघायचं नसतं. आधी कौलं, मग वासे, तुळया, दारं, चौकटी, सगळं उतरवायचं आणि वरच्या माळावर नेऊन त्याच लाकडांचं घर पुन्हा उभं करायचं. मातीच्या भिंती तेवढ्या पाण्याला द्यायच्या. आमच्याही नव्या घराचं जोतं माळावर तयार होतं, पण जुन्या घराचं एक कौल दादांनी हलवू दिलं नव्हतं. कारण हा मेला फोटोवाला. आषाढात तो टेकाड बघून गेला. दादांनी त्याला होडीतून आणला, पोचवला, वर नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि मोबदल्यात एकच मागितलं, घराचा एक फोटो. तो म्हणाला, पंचमीनंतर येतो, नक्की काढतो. मी पंचमीला माहेरी आले तेव्हा पाणी अंगणाच्या कडेला लागलं होतं. आई रोज कळवळून सांगायची, "अवो, फोटू ऱ्हाऊ द्या. तुळया काढा आदी." दादांचं उत्तर ठरलेलं, "बोडकं घर फोटूत कसं दिसंल? पोरांच्या पोरास्नी काय दावायचं?"

आला एकदाचा. पावसाचा नुसता कल्लोळ चालला होता, आणि हा खुशीत! आईच्या डोक्यावरचं इरलं त्यानं मागून घेतलं आणि तिपाईवरच्या यंत्राला घातलं. आई दिवसभर तशीच भिजली. त्यानं बुडत्या आंब्याचा फोटो काढला, ढगांचा काढला, पाण्यात उभ्या बगळ्याचासुद्धा काढला. प्रत्येक फोटोला एक काच लागे, आणि काचा तर संपत चाललेल्या. दादा त्याच्या मागं मागं फिरत होते. "सायेब, घर हिकडं हाय." "हो हो, घर कुठं पळून जातंय?" हे त्याचे शब्द. आजही ते आठवले की तोंड कडू होतं.

शेवटची काच उरली तेव्हा उजेड पार गेला होता. त्यानं आम्हाला पाण्याकडे पाठ करून उभं केलं. घर आमच्या उजव्या हाताला राहिलं. दादांनी विचारलं, "घर येतंय न्हवं?" "येतंय हो बाजूला. मी हात खाली करेपर्यंत कुणी हलायचं नाही." त्यानं हात वर केला. आम्ही श्वास धरला. आणि उजवीकडे धाडकन आवाज झाला. जोतं आतून भिजून गेलं होतं, पाण्याकडची भिंत बसली आणि तिच्यामागं आख्खं छप्पर तुळयांसकट पाण्यात गेलं. आम्ही चौघांनीही माना वळवल्या. तो ओरडला, "हललात! काच वाया घालवलीत माझी!"

भाऊ आणि दादा पाण्यात उतरले. एक दार आणि थोडे वासे हाती लागले. सागाच्या तुळया धारेला लागून गेल्या. माळावर शेवटी कुडाचं खोपट उभं राहिलं आणि आईदादांचा जन्म त्यातच सरला. फोटो कधी आला नाही. तरी दादा कुणी आलं की सांगत, "घर गेलं, पन फोटूत हाय." मला राग येई, पण त्यांच्या तोंडावरचं समाधान बघून मी गप्प बसे.

परवा मी त्या चौकटीच्या अगदी जवळ गेले. आमच्या उजव्या हाताची कड डोळे ताणून पाहिली. पाणी होतं, पावसाच्या रेघा होत्या. घर नव्हतं. एक कौलसुद्धा नव्हतं. त्यानं ते फोटोत घेतलंच नव्हतं. दादा नाहीत म्हणून बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मागून बाईंनी विचारलं, "ही माणसं बघतायत तरी कुठं?"

"घराकडं," मी म्हटलं.

"कुठलं घर?"

मी चपला घालून पावसात निघाले, छत्री उघडायचंही सुचलं नाही. खोऱ्यात आता नुसतं पाणी आहे. टेकाड कुठं होतं हे होडीवाल्यालाही सांगता येत नाही. पण त्या भिंतीवर, त्या मेल्याच्या चौकटीत, आम्ही चौघं पुसट तोंडांनी अजून घराकडं बघतोय, आणि ते तिथंच होतं याची आता तेवढीच खूण आहे. बरं झालं, आम्ही हललो.