राखीव लाइनीचं कुंकू

माएबूर्गच्या टपालकचेरीच्या मागल्या खोलीत टेलिफोनचा स्विचबोर्ड होता आणि त्याच्यापुढे मी. राजधानीला, पोर्ट लुईला, जाणाऱ्या लाइनी दोनच. एक सगळ्या गावासाठी, दुसरी साखर कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यासाठी राखीव. बंगल्याला कधी काय महत्त्वाचं बोलावं लागेल याचा नेम नाही, असं वरून लेखी आलेलं.

त्या दसऱ्याला, घरी कोयत्याला लावतात तसं, मी बोर्डावर दोन्ही लाइनींच्या भोकांना कुंकू लावलं. गावच्या लाइनीवरचं प्लग घालून घालून दुपारपर्यंत पुसलं. राखीव लाइनीवरचं तसंच राहिलं, कारण मॅनेजर आठ दिवसांसाठी शेजारच्या रियुनियन बेटावर गेला होता. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना मी ते मुद्दाम दाखवलं. वाटलं, ही लाइन किती रिकामी पडते ते त्यांना दिसेल.

साहेब खूश झाले. "असंच राहू दे. कोणी हात लावला तर कळेल."

माझी पूजा सरकारी सील झाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्लेन मान्येन गावाहून एक मावशी आली. तिची लेक शहरातल्या इस्पितळात अडली होती. पहिलं मूल गेलेलं. गावच्या लाइनीवर एक व्यापारी तांदळाच्या पोत्यांवरून भांडत होता आणि त्याच्यामागे बाकावर सहाजण.

दोन तासांनी मावशी उठून माझ्यापाशी आली. "पोरी, ती दुसरी मोकळीच हाय की."

"बंगल्याची आहे, मावशी."

"बंगल्यात तर कुत्रीच हायेत. त्यांना बोलायचंय व्हय?"

मी प्लग घातला. लेक सुखरूप होती, मुलगी झाली होती. मावशी इतक्या जोरात रडली की व्यापारी पोती विसरला.

आठवड्याअखेर साहेब आले. कुंकवाची डबी माझ्या पिशवीतच होती. बोट टेकवलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. मी टेकवलं नाही.

"कोणी वापरली?"

"मी जोडून दिली, साहेब. त्या वेळी बंगल्याला कुलूप होतं."

"पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या."

मी मावशीचा फोन, वेळ, बाकावरची माणसं, बंगल्याचं कुलूप, सगळं लिहिलं. शेवटचं तेवढं वाक्य लिहिलं नाही. खाली सही केली.

वर्षभर मला पत्रांवर शिक्के मारायला बसवलं. पुढच्या दसऱ्याआधी बोर्डावर परत आले, कारण दुसरं कोणी टिकलं नाही. पुन्हा दोन्हींना कुंकू लावलं. त्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही पुसली होती.