जावयाने बसवलेले पाटे

माझा नवरा पॉलिटेक्निकमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकवतो. चित्रं तो सुरेख काढतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते ऐकून बायको नवऱ्याला नावं ठेवते असं कोणी म्हणायला नको.

गेल्या वर्षी त्याने एक जुनी उघडी जीप घेतली. जीपची सगळी ताकद मागच्या चाकांना, पुढची चाकं नुसती वळायच्या कामाची. त्याला मात्र चारही चाकांनी ओढणारी जीप हवी होती. ओढ्यातून काढायची, दगडांवरून चढवायची, मग व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. त्यासाठी त्याने भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या एका जीपचा पुढचा ॲक्सल आणला. दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा, मध्ये गिअरचा भोपळा. त्याच्याबरोबर त्याच जीपचे पुढचे दोन पाटेही आणले. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. ॲक्सल या कमानीला बांधलेला असतो आणि गाडीचा सगळा भार तिच्यावर असतो.

हे सगळं आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. येणारेजाणारे स्कूटर लावता लावता थांबायचे, दोन सल्ले द्यायचे आणि पँटला ग्रीस लागलं की कुरकुरत निघून जायचे. माझ्याकडे दोन कामं होती. मागेल तो पाना द्यायचा आणि मागेल तेव्हा चहा करायचा.

आता माझं माहेर सांगते. अक्कलकोट रोडवर माझ्या वडिलांचं, आप्पांचं, कमान-पाट्यांचं दुकान आहे. पन्नास वर्षं ते ट्रकचे पाटे बसवतायत. कानडी ड्रायव्हरशी कानडीत, शहरातल्याशी उर्दूत आणि आमच्याशी डोळ्यांनी बोलतात. शाळा सुटली की मी दप्तरासकट दुकानात जाऊन बसायची. कुठला पाटा कुठल्या गाडीचा, कुठली पट्टी आधी तुटते, तुटलेली पट्टी कशी वाजते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पण पाट्याला हात लावू दिला नाही त्यांनी कधी. "पोरीच्या जातीनं लोखंडात हात घालू नये," म्हणायचे. माझ्या भावाला मात्र कान धरून शिकवायला बसवायचे. तो तिथून उठला तो थेट पुण्याच्या नोकरीवर जाऊन बसला. मी शाळेत गणित शिकवायला लागले. पण आप्पांनी एकदा तरी म्हणावं, हिला येतं बरं का यातलं, एवढी हाव मनात राहिलीच. अडतीस वर्षांची झाले तरी गेली नाही. उगाच मोठेपणा कशाला दाखवू?

तर, पाटे बसवायचा दिवस उजाडला. नवऱ्याने उजव्या बाजूचा पाटा बसवला, बरोबर बसवला. डावीकडचा उचलला आणि उलटा धरला.

यात मोठी चूक काय ते सांगते. पाट्याच्या मधून एक बोल्ट जातो, त्याच्यावर ॲक्सल बसतो. हा बोल्ट या पाट्यांत अगदी मध्यावर नव्हता. त्याच्या एका बाजूची कमान दुसरीपेक्षा दोन बोटं आखूड होती, आणि आखूड बाजू पुढे ठेवायची असते. पाटा उलटा घातला तरी टोकांची भोकं सारखीच असल्याने तो बिनतक्रार बसतो. फक्त त्या बाजूचं चाक दोन बोटं मागे सरकतं.

"अहो, एकदा बघा की तो पाटा," मी म्हटलं.

"अगं, दोन्ही टोकं सारखी आहेत. कॅलिपरने मोजलीयेत मी."

भोकं मोजली होती साहेबांनी. अंतर नाही.

"तसं नाही हो..."

"तू जरा चहा टाकतेस का?"

टाकला चहा. आलं ठेचून घातलं, साखर बेताची घातली आणि तोंडाला कुलूप घातलं. हे चांगल्या बायकोचं लक्षण नाही, मला ठाऊक आहे. पण ज्याला चहाच हवा त्याला चहाच द्यावा.

जीप चालू झाली आणि डावीकडे ओढायला लागली. पहिल्या दिवशी त्याने टायरमधल्या हवेला दोष दिला. दुसऱ्या दिवशी रस्त्याला. म्हणाला, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार ठेवतात, गाडी ओढणारच. मी म्हटलं, मग मोकळ्या गल्लीत उजव्या कडेने चालवून बघा, तिथला उतार उजवीकडे असेल. चालवली. तिथेही जीप डावीकडेच निघाली, सोसायटीच्या गेटमधल्या तुळशीच्या कुंडीकडे. तिसऱ्या दिवशी त्याने वाऱ्याला दोष दिला. मी मान डोलावली आणि आत जाऊन पोट धरून हसले.

हसू थांबलं ते शुक्रवारी. रविवारी वळसंगच्या पुढे एका खडकाळ माळावर जीपवाले जमणार होते. तिथला चढ मी व्हिडिओत पाहिला, आणि त्याच्या डाव्या अंगाला सरळ खाली गेलेली घळ. आमची जीप डावीकडे ओढते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्याला सगळं नीट सांगितलं, तर म्हणाला, "शंभर मुलांना शिकवतो गं मी हे." आता तो माझं ऐकणार नव्हता. ज्याचं त्याने ऐकलं असतं असा जगात एकच माणूस होता.

"रविवारी जायच्या आधी आप्पांना दाखवू या," मी म्हटलं. तो खूष झाला. त्याला शाबासकी हवी होती.

शनिवारी दुपारी आम्ही दुकानासमोर जीप उभी केली. आप्पा खुर्चीतून उठून आले. जीपच्या पुढून एक चक्कर मारली. उजव्या चाकापाशी थांबले, डाव्या चाकापाशी थांबले, पुन्हा उजव्याकडे आले. चाक आणि त्याच्या मागचं मडगार्ड यांच्या मधली फट उजवीकडे चार बोटं होती आणि डावीकडे दोन. आंधळ्यालाही दिसली असती. मी मनात म्हटलं, आता सुटणार तोफ.

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "झकास बसवलंय की पाव्हणं," म्हणाले. "लई झकास."

इतक्या वर्षांत या माणसाने वाकड्या पाट्याला सरळ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण समोर जावई होता. लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याला पाटा उलटा बसवलाय असं सासऱ्याने कोणत्या तोंडाने सांगावं? आमच्याकडे जावयाच्या कामाला नाव ठेवणं म्हणजे आहेर परत मागण्यासारखं. आप्पांच्या चेहऱ्यावर कडू काढा प्यायल्याचे भाव होते, आणि जावईबापूंची छाती फुगून इस्त्रीचा शर्ट ताणला होता.

"रविवारी वळसंगला चढवणार आहे मामा, चांगला उभा चढ आहे, डावीकडे खोल घळ," तो म्हणाला.

आप्पांची नजर पुन्हा डाव्या चाकावर गेली.

तेव्हा मला सुचलं. सुचलं तसं मी बोलूनही टाकलं.

"आप्पा, यांना कशाला उगाच चढवताय? यांनी फक्त ॲक्सल बसवला. पाटे मी बसवलेत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही झकास कामाचं श्रेय लाटतेय. तो काही बोलणार तेवढ्यात आप्पांचे पाठीमागचे हात सुटले.

"तू?" ते ओरडले. "तू बसवलंस? डोळं हायत का कवड्या? आखूड बाजू कुटं आन् लांब बाजू कुटं, हे कळंना व्हय तुला? ही फट बघ, आन् ती बघ! गाडी हाय का खेकडा? माणसं बसणार हायत हिच्यात, माणसं! चढावर डावीकडं वडून घळीत घालशील, तवा काय फळ्यावर गणित मांडशील? शिकलेल्या माणसानं असलं काम करावं? लाज वाटाय पायजे!"

आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात. त्या दुपारी लेकी बोले जावया लागे असं झालं. 'शिकलेल्या माणसानं' म्हटल्यावर नवऱ्याची छाती शर्टातल्या शर्टात उतरली. त्याने एकदा उजवीकडची फट पाहिली, एकदा डावीकडची. कान लाल झाले. माणूस खोटा नाही माझा. "मामा, खरं म्हणजे..." असं म्हणत तो पुढे झाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेसकट. तो मागे सरला.

आप्पांचं मात्र थांबेना. आत जाऊन पाणी पिऊन आले आणि पुन्हा सुरू झाले. एवढी गोड बोलणी मी उभ्या आयुष्यात खाल्ली नव्हती. मान खाली घालून उभी होते, कारण हसू दिसलं असतं तर सगळं मुसळ केरात.

दम लागल्यावर ते नवऱ्याकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुमी बसा पाव्हणं खुर्चीवर. च्या सांगतो." मग माझ्याकडे बघून, "आन् तू गं? हुबी काय ऱ्हायलीस? उलटं केलंस तूच, सुलटं बी तूच कर. घे पाना."

मी हातातली पर्स नवऱ्याकडे दिली.

गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले, डावं चाक काढलं. ॲक्सलला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट सोडवताना खांद्यातून कळ निघाली. ओढणी ग्रीसने भरली म्हणून काढून खुंटीला टांगली. रस्त्यावरून जाणारे दोन ट्रकवाले हळू झाले आणि बघून गेले. आप्पा स्टुलावर बसून होते. मला वाटलं होतं, पावलोपावली टोकतील. एक शब्द बोलले नाहीत. नवरा मात्र खुर्चीवर बसला नाही. बाजूला उभा राहून मागेन तो पाना देत होता आणि दोनदा चुकीचा दिला.

पाटा काढला, फिरवला, आखूड बाजू पुढे घेतली. मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात टक्‌कन बसलं. लहानपणापासून मी तो आवाज लांबून ऐकत आले होते. यू-बोल्ट आळीपाळीने, एक इकडचा एक तिकडचा, असे आवळले. टोकांचे बोल्ट मात्र ढिले ठेवले. ते गाडी खाली उतरल्यावर, भार बसल्यावरच आवळायचे असतात, नाहीतर आतलं रबर पिळून फाटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, हे राहिले." आप्पांनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं. मी गाडी खाली घेतली आणि मग ते बोल्ट आवळले.

आप्पा उठले. फटीत बोटं घातली. उजवीकडे चार, डावीकडे चार. नवऱ्याला म्हणाले, "जावा पाव्हणं, एक चक्कर टाकून या."

जीप रस्त्याने सुतासारखी सरळ गेली. आम्ही दोघंच उरलो. मी रॉकेलच्या डब्यात हात बुडवून काळं काढत होते. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्यापुढे धरला.

"एवढ्या शिव्या घातल्या मला," मी म्हटलं. "शेजारपाजारच्यांनी ऐकल्या की सगळ्या."

"मग पाव्हण्यांना कुटं घालता येत्यात?"

माझे हात डब्यातच राहिले. "म्हणजे? पाटे कोणी बसवले ते तुम्हाला..."

"तू बसवलं असतंस," आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर उलटं बसलंच नसतं. एवढं कळत न्हाय व्हय मला?"

हात मघाशीच स्वच्छ झाले होते, तरी मी ते रॉकेलमध्ये चोळत राहिले. आप्पांना दुकानात कोणी रडलेलं चालत नाही.