थंडोबाचा काटा

टॅक्सी स्टँडवर त्याला थंडोबा म्हणायचे. खरं तर त्याच्याइतका काळजीखोर माणूस त्या स्टँडवर दुसरा नव्हता. थंड होती ती त्याची गाडी. घाट चढून आल्यावर इतरांच्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहायच्या आणि थंडोबाच्या गाडीतला तापमानाचा काटा तळाला झोपलेला असायचा. तरुणपणी एकदा त्याची गाडी घाटात उकळली होती. घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेला आणि उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलवटून निघाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीतला थर्मोस्टॅट थंडोबाने काढून टाकला.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार, मुठीत मावेल एवढं. इंजिन गार असेपर्यंत ते बंद राहतं, नीट तापलं की उघडतं आणि पाणी निवायला रेडिएटरकडे सोडतं. पण अडकलं आणि उघडलंच नाही तर? या 'तर'पायी थंडोबाने हयात घालवली. दारच नसलं की अडकायची भीती नाही, असा त्याचा साधा हिशेब. काढलेले थर्मोस्टॅट तो एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा.

मग त्याला चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. जुनी गाडी विकली, तिच्या जागी वापरलेली पण बरी गाडी आली आणि ती चालवायला लागली त्याची लेक. पोरीचा हात बापापेक्षा चांगला आहे, असं स्टँडवरचे लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. थंडोबा शेजारच्या सीटवर बसून जायचा. बसायचा कसला, दोन्ही पाय रोवून नसलेला ब्रेक दाबत राहायचा. घरी आल्यावर त्याच्या पोटऱ्या दुखायच्या. लेक वैतागायची, पण तिने त्याला कधी उठवलं नाही. गाडीतली तेवढी जागाच बाबांकडे उरली आहे, हे तिला कळत होतं.

या गाडीचा काटा चढत चढत मध्यावर यायचा आणि तिथे थांबायचा. थंडोबाच्या जिवाला घोर लागला.

"काटा वर आलाय," तो म्हणायचा.

"मध्यावर आहे, बाबा. तिथंच असायला हवा."

"आज मध्यावर आहे. उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

उद्याचं उद्या बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एका दुपारी लेक झोपलेली असताना त्याने पाणी काढलं, त्या दारावरच्या झाकणाचे नट सैल केले, चिकटून बसलेला थर्मोस्टॅट स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढला आणि झाकण परत लावून टाकलं. लेकीला सांगितलं नाही. मुलांच्या भल्याच्या गोष्टी मुलांना विचारून करायच्या नसतात, हे त्याचं आणखी एक मत. काटा तळाला गेला. "काटाच बिघडला वाटतं, दाखवून घेते," ती म्हणाली. थंडोबा खिडकीबाहेर बघत राहिला. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात एकदम थंडी पडली. पलीकडच्या शहरातल्या स्टेशनवरून सकाळी प्रवासी आणायचे होते. दोघं घाट उतरायला लागले आणि धुक्यात शिरले. बाहेर पांढरं, आत दोघांचे श्वास. समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. लेकीने हीटरचं बटण फिरवलं. गार हवा आली. तिने पूर्ण फिरवलं. आणखी गार हवा आली.

"हीटरला काय झालं?"

थंडोबाने तळाला झोपलेल्या काट्याकडे पाहिलं. उताराला इंजिनावर ताण नसतो. दार नसलेल्या वाटेने सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत होतं आणि इंजिन कोमट व्हायलाही तयार नव्हतं. हीटरला ऊब येणार कुठून? हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने खिडक्या उघडल्या. धुकं आत आलं, काच होती तशीच. एका हाताने स्टिअरिंग धरून ती दुसऱ्या हाताने काच पुसायची. पुसलेला गोल दोन श्वासांत भरून जायचा. थंडोबाने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या पुढ्यातली काच पुसायला लागला.

"थांबव गाडी," तो म्हणाला.

"कुठं थांबवू? कडा दिसत नाहीये."

तेवढ्यात अगदी जवळून ट्रकचा हॉर्न वाजला. लेकीने गाडी डावीकडे घेतली. ट्रकचे पिवळे दिवे खिडकीला घासल्यासारखे गेले. डावीकडचं चाक खडीवर आलं, घसरलं आणि थांबलं. इंजिन बंद पडलं. लेकीचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

हीटर बिघडला, एवढं म्हणून भागलं असतं. थंडोबाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"थर्मोस्टॅट मी काढलाय," तो म्हणाला. "तू झोपली होतीस तेव्हा."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. धुकं विरळ होईपर्यंत बोलली नाही, प्रवासी घेऊन घरी येईपर्यंत बोलली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आता ही आपल्याला गाडीत घेत नाही, हे त्याने मनाशी धरलं आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"अहो, गिळा दोन घास," बायको म्हणाली. "तुम्ही उपाशी राहून गाडीत ऊब येणार आहे का?"

तिसऱ्या दिवशी लेकीने त्याच्यापुढे एक पुडकं ठेवलं. नवा थर्मोस्टॅट आणि पाणी गळू नये म्हणून झाकणाखाली बसवायचं गॅस्केट. जुन्याची कड उचकटताना वाकली होती.

"तुम्हीच बसवा. मी बघते."

थंडोबाने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्याचे कान तापले. आयुष्यभर त्याने डबाभर थर्मोस्टॅट काढले होते, बसवला एकही नव्हता. स्प्रिंगची बाजू आत जाते की बाहेर, हे त्याला ठाऊक नव्हतं. लेकीला विचारायची सोय नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं पातेलं गॅसवर चढवलं.

"त्यात लोखंड घालाल तर बघा," बायको म्हणाली, पण घालू दिलं.

दोऱ्याला बांधून त्याने थर्मोस्टॅट पाण्यात सोडला. पाणी तापलं. काही नाही. बुडबुडे आले, तरी काही नाही. अडकलाच, त्याला वाटलं, मी म्हणत नव्हतो? तोंडाला आलेलं वाक्य त्याने आवरलं. आणि मग ते दार सरकायला लागलं, कुणी हात न लावता, हळूहळू पुरतं उघडलं. गॅस बंद केला तसं पाणी निवलं आणि ते परत मिटलं. थंडोबाने पुन्हा पाणी तापवलं. पुन्हा उघडलं. स्प्रिंगखालच्या त्या पितळी बोंडाला ऊब लागली की दार हलतं, हे त्याने म्हातारपणी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे बोंड गरम पाण्यात हवं. म्हणजे स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला.

तसाच त्याने बसवायला घेतला.

"बारीक भोक वर ठेवा," लेक म्हणाली. "हवा निघून जायला."

पुडकं पुढे ठेवल्यानंतरचं तिचं ते पहिलं वाक्य. त्याने भोक वर ठेवलं. पाणी भरलं, हवा काढली आणि दोघं गावाबाहेरच्या चढावर गेले. काटा उठला. चढायला लागला. थंडोबाची बोटं उजव्या हातावरच्या जुन्या डागावर गेली. काटा मध्यावर आला आणि थांबला. हीटरमधून ऊब आली. थंडोबा काही बोलला नाही, आणि न बोलायला त्याला फार कष्ट पडले.

"उद्या स्टेशनच्या प्रवाशांची वर्दी आहे," लेक म्हणाली. "येताय ना?"

हा प्रश्न ती विचारेल की नाही म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"नको," तो म्हणाला. "तू जा."

सकाळी धुकं होतंच. बोळ अरुंद, गाडी मागे घेतच रस्त्याला न्यावी लागायची आणि थंडोबा नेहमी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करायचा. त्या दिवशी तो दारातच थांबला. तिने मान वळवून गाडी बरोबर मागे नेली. रस्त्याला लागताना तिने समोर, त्याच्याकडे बघितलं. काच स्वच्छ होती. त्याला तिचा चेहरा नीट दिसला.