वणव्याची आरोळी

आमच्या देऊळघाटात लेकरू बोलायच्या आधी आरोळी ठोकायला शिकतं, असं मी थट्टेनं म्हणायची. आता म्हणत नाही. क्रिकेटमध्ये विकेट पडली, नवरदेव घोड्यावर चढला, बारावीचा निकाल लागला, की कुणीतरी मान मागं टाकतं, छाती फुटेस्तोवर श्वास भरतं आणि ती वर वर चढत जाणारी किंकाळी सोडतं. ही आरोळी सहदेव हिवाळे यांची. त्यांना स्टेजवर ज्यांनी कधी पाहिलंही नाही, ती पोरंसुद्धा ती हुबेहूब काढतात. मी बस स्टॉपजवळ शिवणाचं दुकान चालवते. दिवसातून दोन-चारदा तरी ती कानावर येते, आणि आली की हल्ली माझा मशीनवरचा पाय थांबतो.

सहदेवभाऊ आता पासष्टीच्या पुढचे. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, माझ्या दुकानाला लागूनच. तरणे होते तेव्हा शेगावच्या स्टेशनाबाहेर कॅसेटच्या हातगाडीवर त्यांनी एका विलायती बँडचं चित्र पाहिलं. तोंडं पांढरीफटक, डोळ्यांभोवती काळं, अंगात काळे डगले, आणि एकाच्या तोंडातून आगीचा लोळ निघालेला. खिशात परतीच्या भाड्यापुरतंच होतं, म्हणून कॅसेट घेतली नाही. त्या लोकांची गाणी कशी होती, ते भाऊंना आजतागायत ठाऊक नाही. नुसत्या चित्रावरून त्यांनी बँड काढला. असला उपद्व्याप आमच्याच गावात होऊ शकतो.

बँडचं नाव ठेवलं वणवा. चार पोरं, दोन बौद्धवाड्यातली, दोन कुणबी. लग्नाच्या बँडातला ढोल, एक पेटी, अकोल्याहून आणलेली जुनी विजेची गिटार. माझे वडील शिंपी. सायकलच्या सीटचं काळं रेक्झिन आणून त्यांनी डगले शिवले. ते घालून उन्हात उभं राहिलं तर माणूस उकडून निघेल असे. तोंडाला सफेदा आणि काजळ. जयंतीला भीमगीतं, गणपतीत आरत्या, जत्रेत जे सुचेल ते, सगळं ढोल आणि गिटारच्या दणक्यावर. आधी गावानं नाकं मुरडली, मग जिल्हाभरातून बोलावणी यायला लागली. लोक यायचे ते सहदेवभाऊंच्या आगीसाठी. ते तोंडात राकेल घ्यायचे, मशालीवर फुंकायचे आणि लोळ विझतो न विझतो तोच मोठ्ठा श्वास ओढून ती आरोळी ठोकायचे. चित्रातल्या माणसाचं तोंड उघडं होतं ना, म्हणजे आगीनंतर तो ओरडतच असणार, असा भाऊंनी हिशेब लावला होता. त्या चित्रात आवाज नव्हता, तो यांनी घातला.

पुढं डीजे आले, वणवा विझला. भाऊ सायकलींत रमले. पण चाकात हवा भरता भरता त्यांना धाप लागायची. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही, डोळे लाल व्हायचे. सगळे म्हणायचे, बिडी सोडा भाऊ. ते हसून शर्टाच्या खिशावर हात मारायचे, तिथं बंडल असायचं. आता मला ठाऊक आहे की त्या माणसानं जन्मात एक बिडी पेटवली नाही. ते बंडल दाखवायचं होतं.

खरं काय ते त्यांना आणि त्यांच्या बायकोला, तानाबाईला, कधीचंच कळलं होतं. अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून खोदून खोदून विचारलं, तेव्हा यांनी आगीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, आगीनं तुमचं काही झालं नाही. आग विझल्यावर तोंडात राकेल उरलेलं असताना तुम्ही जो श्वास ओढता, त्यानं ते छातीत जातं. म्हणजे आरोळीनंच घात केला होता. परत येताना बसमध्ये भाऊ तानाबाईला म्हणाले, "कोनाले सांगू नोको. झाकली मूठ सव्वा लाखाची." हे तानाबाईनं मला सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर.

त्यांचा मुलगा धम्मदीप ढोल शिकला, पण आगीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. गाव त्याला भित्रा म्हणायचं. भाऊ त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि मला वाटायचं, बापाला पोराची लाज वाटते. लाज कसली, त्यांच्या जिवातला घोर कमी झाला होता.

मग मयुरी मोठी झाली. धम्मदीपची मुलगी, बुलढाण्याला बी. एस्सी. करणारी, आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावा. तिनं कॉलेजातली पोरं-पोरी जमवून वणवा पुन्हा उभा केला. आबांचा, म्हणजे सहदेवभाऊंचा, जुना रंगवलेल्या तोंडाचा फोटो मोबाईलवर टाकला, आणि कुठल्या कुठल्या गावांतून लोक आरोळीचे व्हिडिओ पाठवायला लागले. नवे डगले मी शिवले. चार महिने नुसती गाणी चालली. मग एक दिवस ती दुकानासमोरच आबांना म्हणाली, "आबा, मले आग शिकवा."

"नोको."

"काऊन?"

भाऊ सायकलची साखळी पुसत राहिले.

"पोट्टी हाय म्हनून नाही म्हनता ना? बाबासाहेबाचे फोटो घरात लावता अन् नातीले नाही म्हनता?"

हे त्यांच्या वर्मी लागलं. खरं कारण सांगायचं तर आयुष्यभराची आरोळी स्वतःच्या हातानं पुसायची, आणि न सांगावं तर नातीच्या नजरेतून उतरायचं. माणसानं यातलं काय निवडावं? त्यांनी तिसरंच केलं. म्हणाले, "शिकवतो."

पंधरवडाभर रोज सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी चालली. तोंडात पाणी घ्यायचं आणि फवारा कसा बारीक निघतो ते पाहायचं. दुकानाला जाता जाता मी कुंपणाशी थांबून बघायची. खोटं कशाला बोलू, मला कौतुकच वाटायचं. वारा कुठून येतो ते उदबत्ती लावून पाहायचं, केस ओल्या फडक्यात बांधायचे, हनुवटी कोरडी ठेवायची, शेजारी ओलं गोणपाट घेऊन माणूस उभा पाहिजे, यातलं भाऊंनी काही म्हणता काही शिकवायचं ठेवलं नाही. मयुरी सगळं नीट करायची. शेवटी पाण्याचा फवारा सोडून ती छाती भरून श्वास ओढायची आणि आरोळी द्यायची. त्या वेळी भाऊ मान खाली घालून चपलेनं माती उकरत असायचे.

पोरगी गेली की तानाबाई चुलीजवळून म्हणायची, हेही मला मागाहून कळलं, "अवो, सांगा ना तिले."

"पानीच तर हाय. पान्यानं काय होते? त्या दिवशी सांगतो."

"त्या दिवशी तुमच्यानं होईन का?"

"सांगतो म्हनलं ना."

रेशनवर राकेल मिळणं बंद होऊन जमाना झाला. मला वाटलं, ते मिळणार नाही आणि हे सगळं आपोआप बारगळेल. पण वणव्याच्या पोरांनी कुठून तरी पैदा केलंच. गावात ज्याला विचारावं तो मदतीला तयार. हिवाळ्यांची पोरगी आग फुंकणार, हे ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं. धामणगाव बढ्याहून क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस वाटपाचं बोलावणं आलं, तेव्हा आमच्या गावातून गाड्या भरून माणसं निघाली. मीही गेले, डगल्यांचे हूक लावायला. गाडीत सगळी गात होती. एकटे भाऊ खिडकीशी बसलेले. तानाबाई दर थोड्या वेळानं त्यांच्याकडे बघायची आणि ते बाहेर बघायचे. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण असेल.

दिवस मावळायला टेकला होता. मैदान गच्च भरलेलं. स्टेजच्या कडेला पाण्याच्या बादल्या, गोणपाट, आणि धम्मदीप. पोरीच्या जिवाची काळजी त्याला इतकी की हातातलं गोणपाट खाली ठेवेना. सगळे आगीवर डोळा ठेवून होते. मयुरीचं तोंड रंगवून झालं होतं, पांढरं, डोळ्यांभोवती काळं. मी तिच्या मागे बसून डगल्याचा वरचा हूक लावत होते, तेव्हा भाऊ पडद्याआड आले. चेहरा उतरलेला.

"मयुरी, एक सांगाचं हाय तुले. आरोळीचं."

"सांगा ना आबा."

तेवढ्यात बाहेर माईकवर कुणीतरी भाऊंचं नाव घेतलं. ज्यांच्या आरोळीवर दोन पिढ्या वाढल्या ते सहदेव हिवाळे आज आपल्यात आहेत, असं काहीसं. आणि सगळं मैदान उठलं. म्हातारे, बाया, शाळकरी पोरं, सगळ्यांनी मान मागं टाकून भाऊंचीच आरोळी ठोकली. पडदा थरथरला. माझ्या हातातला हूक सुटला. भाऊ तसेच उभे, ओठ उघडे, आणि त्यांचे डोळे भरून आलेले. इतक्या वर्षांनी त्यांना इतक्या माणसांनी हाक मारली होती.

"काय म्हनत होते आबा?" मयुरीनं विचारलं.

"आरोळी..." ते म्हणाले आणि थांबले. "आरोळी जोरात दे, माय."

तिनं त्यांच्या पाया पडून स्टेज गाठलं.

आग सुरेख निघाली. वारा पडलेला होता, लोळ सरळ वर गेला आणि विझला, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. धम्मदीपनं सुटकेचा श्वास सोडून गोणपाट बादलीत टाकलं. त्याच क्षणी मयुरीनं छाती भरून श्वास ओढला आणि आरोळी दिली. जोरात दिली. आबांपेक्षाही लांब. मैदानानं उत्तर दिलं, ती हसली, जरा खोकली, आणि पुढचं गाणं सुरू झालं. तानाबाईनं पदर तोंडात धरला होता. मला वाटलं, नातीचा अभिमान.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मयुरीला ताप चढला आणि छातीत सुऱ्या खुपसल्यासारखं दुखायला लागलं. संध्याकाळी बुलढाण्याला दवाखान्यात ऑक्सिजन लावला. मी डबा घेऊन गेले तेव्हा डॉक्टरीणबाई छातीचा फोटो उजेडात धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, पोरीनं काय ओढलं, काय प्यायलं? घरात चूल आहे का?

मयुरीनं मास्क लावलेल्या तोंडानं मान हलवली, हो, चूल आहे. आगीचं मात्र लपवलं, वणव्याचं नाव खराब होऊ नये म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं तिला ते.

तानाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगता का मी सांगू?"

भाऊ उठले. भिंतीला हात लावून, धापा टाकत बोलले. "राकेल हाय, डॉक्टरबाई. आगीनंतर श्वास ओढते ना, तवा आत जाते. आरोळीसाठी. माह्याही छातीत तेच हाय, कईचंच."

मयुरीनं मास्क खाली ओढला.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"सांगाले आलतो ना माय," भाऊ म्हणाले. "लोक माही आरोळी देऊन राह्यले होते."

तिनं मास्क पुन्हा तोंडावर ओढला आणि भिंतीकडे कूस बदलली. भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. धम्मदीपनं तो हात बाजूला केला.

मयुरी घरी आली त्याला आता सहा महिने होत आले. कॉलेज सुटलं, जिना चढवत नाही. आबांशी ती बोलत नाही. ते मात्र रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोराला अडवून सांगतात, बाबा, ती आरोळी नको देऊ, त्यात मरण आहे. पोरं त्यांना वाकून नमस्कार करतात, दहा पावलं पुढं जातात आणि आरोळी देतात. परवा वणव्यातली डिंपल माझ्याकडे मयुरीच्या डगल्याची मापं कमी करून घ्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, रागानं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मी जपून करीन ना." डगला तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या शिंप्याकडे गेली.

हिवाळ्यांच्या घरावरून मी रोज सकाळी जाते. आतून खोकला येतो. तो आबांचा की नातीचा, ते मला आता ओळखता येत नाही.