बोटांना समजावताना
संगणकावर नवे प्रोग्राम बसवायला आणि जुने काढायला जो प्रोग्राम लागतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. ऑफिसात बारा वर्षं मी एकच वापरत आले. परवा शेजारच्या टेबलावरची मीनल म्हणाली, "ताई, तुमचं इन्स्टॉल होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो. बदला की आता!"

बदलला. नवा खरंच चपळ निघाला, म्हणून जुना त्याच दिवशी काढून टाकला. पण बोटं ऐकेनात. काही बसवायचं झालं की ती जुन्याच्याच नावाने सुरू होणारी लांबलचक आज्ञा टाइप करायची आणि पडदा सांगायचा, अशी आज्ञा सापडली नाही. मी माझ्याच हातांकडे बघत बसायचे. आम्ही घर बदललं तेव्हा आईसुद्धा महिनाभर दिव्याचं बटण दाराच्या भलत्याच बाजूला चाचपायची आणि स्वतःशीच हसायची. डोक्याला नवं पटकन पटतं. हातांना निरोप उशिरा पोचतो, कारण जुन्याशी खरी सोबत त्यांचीच झालेली असते.

आज दुपारी मात्र नवं नाव आपसूक टाइप झालं.

"मीनल, जमलं गं!" मी ओरडलेच.

"अरे वा! आणि आधीची ती लांबलचक आज्ञा काय होती हो?"

सांगायला तोंड उघडलं, पण मला आठवेचना. शेवटी हात कीबोर्डवर ठेवले आणि बोटांनी ती एका दमात, बिनचूक लिहून दाखवली.